घरचे, कच्चे की पाकिटातले? घरातल्या लहान कुत्र्याचा आहार

पूर्वी आपल्या वस्तीत कुत्रा म्हणजे गल्लीचा राखणदार. तो कोणा एकाचा नसे. ज्याच्या दारी भाकरीचा तुकडा मिळेल त्याच्या दारी तो बसे. आता चित्र बरेच बदलले आहे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या सिनेमातला पांढराशुभ्र टफी लोकांच्या मनात भरला. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतला पग मुलांना आवडू लागला. तेव्हापासून चाळीतल्या एका खोलीत, पुनर्वसनाच्या इमारतीत, पत्र्याच्या घरातही लहान जातीचे कुत्रे दिसू लागले. ज्याला आपण ‘पॉमेरियन’ म्हणतो तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो. त्याशिवाय पग, शित्झू, ल्हासा. चार किलोपासून आठ-दहा किलोपर्यंतचे हे जीव मुलांच्या हट्टाने घरात येतात आणि पाहता पाहता घरचेच होतात.

कोणी म्हणेल, आपल्या कुटुंबाच्या पानावर कुत्र्याच्या खाण्याचा विषय कशाला? अशा वाचकांनी १९३४ सालचे राजगृहातील ते प्रसिद्ध छायाचित्र आठवावे. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव आणि घरची मंडळी यांच्यासोबत त्यात टॉबी नावाचा त्यांचा लाडका कुत्राही आहे. बाबासाहेबांच्या घरात ज्याला जागा होती त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणे वावगे ठरू नये.

दुसरे कारण रोकड्या व्यवहाराचे आहे. चुकीच्या खाण्याने कुत्रा आजारी पडला की सलाईन, इंजेक्शने आणि तपासण्या यांचा खर्च महिन्याच्या पगारातूनच जातो. कच्च्या मांसातले जंतू कुत्र्याच्या तोंडातून मुलांच्या हातावर आणि हातावरून पोटात जातात. म्हणून हा विषय कुत्र्याइतकाच घराच्या आरोग्याचा आणि घराच्या हिशोबाचाही आहे.

लहान कुत्र्याचे गणित वेगळे

आपण कुत्र्याला खायला घालतो ते माणसाच्या हाताने आणि माणसाच्या मापाने. तिथेच गल्लत होते. घरात राहणाऱ्या चार किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण २८० ते ३०० कॅलरी पुरतात. तेल लावलेली एक चपाती शंभराच्या आसपास कॅलरी देते. चहाबरोबरचे एक ग्लुकोज बिस्किट वीसेक कॅलरी देते. म्हणजे सकाळी चार बिस्किटे आणि दिवसभरात दोन चपात्या दिल्या की त्याचा दिवसाचा कोटा संपला. पोट भरले, पण त्यात मांस, अंडी, डाळ यांतून मिळणारी प्रथिने फारशी नाहीत आणि हाडांसाठी लागणारे कॅल्शियमही नाही. असा कुत्रा अंगाने जाड दिसतो, पण त्याचे केस झडतात, दम लागतो आणि जिना चढवत नाही. आपण मात्र म्हणतो, “कसा गुटगुटीत आहे बघा!”

कुत्रा जाड आहे की बरोबर, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. थोडे दाबल्यावर बरगड्या हाताला लागल्या तर ठीक. चाचपडूनही सापडल्या नाहीत तर खाणे जास्त होते आहे. नुसत्या डोळ्यांना बरगड्या मोजता आल्या तर ते कमी पडते आहे.

लहान जातीच्या पिलांची आणखी एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवावी. त्यांच्या अंगात साठा थोडा असतो. फार वेळ उपाशी राहिले तर रक्तातली साखर उतरते, पिलू थरथरते, गळून पडते. म्हणून पिलाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा पुरे.

घरचे अन्न : उरलेले वेगळे, शिजवलेले वेगळे

“आम्ही त्याला घरचेच घालतो,” असे पुष्कळ भगिनी सांगतात. विचारले तर कळते की घरचे म्हणजे ताटात उरलेले. रस्सा कालवलेला भात, चपातीचा तुकडा, नळीचे हाड. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे सोडून द्यायला सांगितले. माणसाच्या अपमानाशी कुत्र्याच्या थाळीची तुलना आम्हाला करायची नाही. पण दुसऱ्याच्या ताटातले उरलेसुरले म्हणजे जेवण नव्हे, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

उरलेल्या रश्शात कुत्र्याला सर्वात घातक असतो तो कांदा-लसूण. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी अपाय होऊ शकतो. चार किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरे. शिजवून, वाटून, भाजून त्याचे विष जात नाही. लसूण त्याहून तीव्र. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेट आणि दारू ही विषेच समजावीत. लग्नाच्या पंगतीतले तेलकट मटण लहान कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज आणते. मग उलट्या आणि पोटदुखीने तो कण्हू लागतो. शिजलेले हाड दाताखाली चिरते आणि त्याचे टोकदार तुकडे घशात, आतड्यात रुततात. सुकट आणि सुके बोंबील यांत मीठ फार. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. त्यापेक्षा चमचाभर दही बरे.

मग घरचे अन्न वाईट का? मुळीच नाही. त्याच्यासाठी वेगळे शिजवले तर ते चांगले आहे. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, त्याला भात-भाकरी कशी चालेल, असे काही जण म्हणतात. पण हजारो वर्षे माणसाच्या संगतीत राहून त्याचे पोट बदलले आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात जास्त असतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. शिजवलेला भात, मऊ भाकरी त्याला पचते.

चार किलोच्या मोठ्या, निरोगी कुत्र्यासाठी एका दिवसाचा अंदाज असा. हाड काढून उकडलेली कोंबडी ८० ग्रॅम, मऊ भात ८० ग्रॅम, उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर दोन चमचे, वर अर्धा चमचा तेल. मीठ, मसाला, फोडणी काही नको. याचे दोन भाग करून सकाळ-संध्याकाळ द्यावेत. महिनाअखेरीला कोंबडी परवडत नसेल तर काही दिवस उकडलेली अंडी द्यावीत. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. सोबत शिजलेली साधी डाळ थोडी चालते. काटे काढलेली उकडलेली मासळीही उत्तम. कोंबडीच्या दुकानातून स्वस्तात मिळणारी मान, पाय, छाट आणायची असेल तर चांगली उकडून, हाडे आणि चरबी काढून मगच द्यावी. कलेजी आठवड्यातून एखाद-दोन तुकडे पुरे. रोज दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर जाते.

यात एक मोठी उणीव राहते आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. मांस-भातात कॅल्शियम जवळजवळ नसते. शरीर मग ते हाडांतून ओढून घेते. वाढत्या पिलाचे पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, साध्या उडीने हाड मोडते. अंड्याचे कवच उकळून, वाळवून, पीठ करून ठेवावे. अर्ध्या लहान चमच्यात साधारण एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम असते. चार किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला चारशेच्या आसपास लागते, म्हणजे पाव चमच्याहूनही कमी पूड पुरे. पिलाला मात्र हे माप डॉक्टरांनीच ठरवून द्यावे. जस्त, आयोडिन, ‘ड’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे हीसुद्धा घरच्या थाळीत कमी पडतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठी छापलेल्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एकतरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्यांतल्या कित्येक पाककृती खुद्द पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या. म्हणून कायम घरचेच घालणार असाल तर डॉक्टरांकडून खनिज-जीवनसत्त्वांची पूड लिहून घ्यावी.

कच्चे मांस : कोणासाठी, कोणाच्या घरात?

हल्ली कच्च्या मांसाचा बोलबाला आहे. ऑस्ट्रेलियातील इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यकाने १९९३ साली पुस्तक लिहून कुत्र्याला कच्चे मांस आणि कच्ची हाडे घालण्याचा पुरस्कार केला. तेथून हे लोण जगभर पसरले. त्याने केस चमकतात, दात स्वच्छ राहतात, असे त्याचे समर्थक सांगतात. पण अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ साली कच्चे मांस घालू नये असाच सल्ला दिला.

कारण सरळ आहे. कच्च्या कोंबडीत आणि मटणात साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जंतू असतात. कुत्रा ते पचवून ठणठणीत दिसेल, पण त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून ते बाहेर पडत राहतात. शीतपेटीत गोठवले तरी ते सगळे मरत नाहीत. आपल्या घरांचा विचार करा. दहा बाय बाराची खोली, एकच मोरी, त्याच मोरीत भांडी आणि तिथेच कुत्र्याची थाळी. जमिनीवर रांगणारे बाळ, खाटेवर म्हातारी आजी, घरात गरोदर सून. मोठे घर, वेगळी शीतपेटी आणि वेगळा ओटा असलेल्यांनाही हा धोका सांभाळणे कठीण जाते, मग आपण तो का घ्यावा?

बोकडाच्या किंवा मेंढीच्या कच्च्या कलेजीत, फुफ्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले फोड असतात. ते कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि मुलांच्या हाताला लागतात. मग माणसाच्या यकृतात तसेच फोड तयार होतात. ते काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. खाटकाने टाकून दिलेला असा भाग फुकट मिळाला तरी कच्चा घालू नये.

आपल्याच राज्यातले ताजे उदाहरण पाहा. नागपूरच्या गोरेवाडा येथील प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. खाण्यातल्या कोंबडीतून ही लागण झाली असावी, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. वाघ-बिबटे मांजराच्या कुळातले, कुत्र्याला हा धोका त्यांच्याइतका नसतो. तरीही कच्च्या मांसाबरोबर काय काय येऊ शकते हे त्यावरून ध्यानात यावे. नवापूरला २००६ साली कोंबड्यांत बर्ड फ्लू पसरला तेव्हा आपण सर्वांनी मांस नीट शिजवून खाण्याचा धडा घेतला होता. तोच धडा कुत्र्याच्या थाळीलाही लागू आहे. आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या घरांत कच्चे मांस नको.

पाकिटातले अन्न : चित्र पाहू नये, लेबल वाचावे

कुत्र्याचे तयार अन्न ही नवी गोष्ट नाही. १८६० च्या दशकात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट याने कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली, तिथून हा धंदा सुरू झाला. आज लहान जातींसाठी लहान दाण्यांची वेगळी पाकिटे मिळतात. चांगल्या पाकिटाचा गुण हा की कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वे यांचा मेळ आधीच घातलेला असतो. दोघेही कामावर जाणाऱ्या नवरा-बायकोला ते सोयीचे पडते.

पण पाकिटावरच्या रसरशीत मांसाच्या चित्रावर जाऊ नये. भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की परंपरेने आले, ग्रंथात आहे, मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. जाहिरातीलाही तोच नियम लावावा. लेबलवर चार गोष्टी पाहाव्यात. हे रोजचे संपूर्ण अन्न आहे की नुसता पूरक खाऊ? ते पिलासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी? प्रथिने किती? पाणी काढून उरलेल्या कोरड्या भागात मोठ्या कुत्र्यासाठी निदान १८ टक्के आणि पिलासाठी साडेबावीस टक्के हवीत. आणि मुदत कधी संपते? घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात, म्हणून पहिली तीन-चार नावे जरूर वाचावीत. ओल्या अन्नाच्या पाऊचमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते, हेही विसरू नये. रोज पाऊच घेणे म्हणजे बरेचसे पाणी विकत घेणे.

महाग ते चांगले, हाही भ्रमच. ‘धान्यविरहित’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या काही अन्नांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने २०१८ साली सुरू केली. त्याआधी २००७ साली चीनमधून आलेल्या भेसळीच्या गव्हाच्या चिकामुळे मेलामाईन हे रसायन पाळीव प्राण्यांच्या अन्नात गेले. कित्येक कुत्री-मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि अमेरिकेत मोठ्या प्रमाणात माल परत घ्यावा लागला. म्हणून पाकिटावरही डोळे झाकून विश्वास नको. दुकानात मोठे पोते फोडून सुटे विकतात ते स्वस्त पडते, पण त्यावर ना मुदत, ना नाव. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. बंद पाकीट घ्यावे, उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

हिशोब असा करावा. कोरड्या अन्नाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. चार किलोच्या कुत्र्याला दिवसाला ७५ ते ८५ ग्रॅम पुरतात. म्हणजे एक किलोचे पाकीट बारा-तेरा दिवस जाते. महिन्याला अडीच किलो धरावे. घरच्या अन्नाला महिन्याला कच्ची बिनहाडाची कोंबडी सव्वातीन-साडेतीन किलो लागते, शिवाय तांदूळ, गॅस आणि पूड. आपल्या बाजारातल्या भावाने दोन्ही आकडे मांडून पाहावेत. मोठ्या कुत्र्याला जे परवडत नाही ते लहान कुत्र्याच्या बाबतीत कधी कधी आवाक्यात असते.

मग निवडावे काय?

पिलू असेल तर निदान वर्षभर पिलांसाठीचे संपूर्ण पाकिटातले अन्न द्यावे, असे आमचे सांगणे आहे. हाडे घडण्याच्या काळातली उणीव नंतर भरून निघत नाही. मोठा, निरोगी कुत्रा असेल तर दोन वाटा आहेत. घरी निगुतीने शिजवणारे आणि पूड घालणारे कोणी असेल तर घरचे. तेवढा वेळ नसेल तर साधे, मध्यम किमतीचे, संपूर्ण कोरडे अन्न. पुष्कळ घरांना मधली वाट सोयीची पडेल. रोजच्या जेवणाचा मोठा भाग कोरडे अन्न आणि वर चवीपुरती उकडलेली कोंबडी, अर्धे अंडे किंवा भोपळा. मात्र ही वरकड भर एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि तेवढे कोरडे अन्न कमी करावे. मूत्रपिंडाचा, स्वादुपिंडाचा किंवा साखरेचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेच द्यावे.

अन्न बदलताना एकदम बदलू नये. आठवडाभर जुने कमी करीत नवे वाढवावे. कोरड्या दाण्यांनी दात आपोआप स्वच्छ होतात असे समजू नये. लहान जातींचे दात लवकर किडतात, म्हणून बोटाला स्वच्छ फडके गुंडाळून किंवा मऊ ब्रशने ते पुसावेत. माणसाची टूथपेस्ट वापरू नये. कोरडे अन्न खाणाऱ्या कुत्र्यापुढे स्वच्छ पाणी सतत हवे. पाण्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

दर तीन महिन्यांनी वजन करावे. जंताचे औषध आणि रेबीजची लस वेळेवर द्यावी. त्यासाठी महागड्या खासगी दवाखान्यातच जायला हवे असे नाही. मुंबईत परळला १८८६ सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात १९५८ सालापासूनचे आहे, आणि तालुक्याच्या गावी सरकारी गुरांचा दवाखाना असतो. खाण्याचा सल्ला तिथेही विचारता येतो, फक्त आपण विचारायला हवे.

शेवटी ‘जातिवंत’ या शब्दाविषयी. कुक्कुर जातकात एक कथा आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे कातडे कुत्र्यांनी खाल्ले. राजाने नगरातली सगळी कुत्री मारण्याचा हुकूम दिला, पण राजवाड्यातल्या खानदानी कुत्र्यांना त्यातून सूट दिली. तेव्हा कुत्र्यांचा नायक असलेले बोधिसत्त्व दरबारात गेले आणि म्हणाले, राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात कुश गवत कालवून पाजा. तसे करताच त्यांनी कातड्याचे तुकडे ओकले आणि बाहेरची निरपराध कुत्री वाचली. जन्मावरून दोषी आणि निर्दोष ठरवणाऱ्यांना दिलेले हे उत्तर आहे. घरातल्या स्पिट्झला मापून जेवण देताना दाराबाहेरच्या गावठी कुत्र्यालाही शिजवलेल्या भाताचा एक वाटा आणि पाण्याचे एक भांडे मिळाले, तर मुलांना मैत्री आणि करुणा म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागणार नाही.